पांडुरंगजींना क्लास पसंत पडत नाही

१९७४ सालच्या एप्रिलमधला दुसरा रविवार. मागितलेली रक्कम, महिना चाळीसप्रमाणे तीन महिन्यांचे आगाऊ एकशे वीस रुपये. हजर मंडळी: मी, आमचे शेजारी पांडुरंगजी बारापात्रे, त्यांची मुलगी कुसुम आणि धरमपेठेतले एक चित्रकार, ज्यांच्या क्लासची आम्ही चौकशी करायला गेलो होतो. भिंतीवर त्यांनी स्वतः जलरंगात काढलेला सूर्यास्त होता. पांडुरंगजींनी तो खिळ्यावरून काढला, उन्हात ओसरीवर नेला, खिशातला रुमाल माठाच्या पाण्यात भिजवला आणि सूर्याच्या खालची बाजू घासून पाहिली.

"रंग सुटते जी," ते म्हणाले आणि केशरी झालेला रुमाल त्यांनी चित्रकारांसमोर धरला. "धुतल्यावर काय राहीन यात?"

चित्रकारांनी आपलं चित्र त्यांच्या हातातून काढून घेतलं. कुसुम तोवर रस्त्यावर जाऊन दुसरीकडे तोंड करून उभी राहिली होती.

पांडुरंगजी मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात तीस वर्षं साड्या दाखवतात. तिथे गिऱ्हाइकासमोर पदराचा कोपरा ओला करून घासून दाखवायची रीत आहे. ती त्यांच्या हातात इतकी मुरली आहे की जगातली कुठलीही वस्तू ते आधी उजेडात नेतात, मग ताणतात, मग भिजवतात. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या फेट्याचं टोक चोळून पाहिलं आणि "पाण्यापासून जपजा" असा आशीर्वाद दिला. शिवाय हातांना स्वस्थता नाही. आमच्याकडे येऊन वाचलेलं वर्तमानपत्र ते साडीच्या घडीत परत करतात. ते उलगडायला मला पाच मिनिटं लागतात.

कुसुम त्यांची एकुलती एक. चित्रं उत्तम काढते. तिचे मामा इंग्लंडमध्ये नोकरीला आहेत. त्यांनी तिथल्या एका कला महाविद्यालयाचं माहितीपत्रक धाडलं आणि राहण्याचा, शिकण्याचा खर्च उचलतो असं कळवलं. पत्रक इंग्रजीत, म्हणून ते माझ्याकडे आलं. जानेवारीपर्यंत वीस चित्रं पाठवायची होती. नक्कल चालणार नाही; माणसं, वस्तू, रस्ते समोर बघून काढलेले हवेत. या संचाला पोर्टफोलिओ म्हणतात, हे मी समजावू लागलो.

"म्हणजे सँपल बुक," पांडुरंगजी म्हणाले. "नमुने पाहून माल पसंत करतीन. समजलं."

एवढं समजलं, पण ते नमुने तयार करून घेणारा क्लास काही त्यांना मिळेना. सूर्यास्तानंतर आम्ही सीताबर्डीवर गेलो. तिथे पंचवीस मुलं परीक्षेसाठी एकच पोपट काढत होती. "हे तं कापडाच्या एकाच थानातले तुकडे," म्हणून पांडुरंगजी बाहेर पडले. त्यात त्यांचं बरोबरच होतं. मग मुंबईच्या एका टपालाने चालणाऱ्या अभ्यासक्रमाची पुस्तिका आली. ती त्यांनी ओली केली नाही, एवढंच. "ज्या मास्तरचं तोंड दिसत नाही, त्याच्याशी भाव काय करायचा?" इथेही मला वाद घालता आला नाही.

एप्रिल गेला, मे गेला. कुसुम माझ्या बायकोला म्हणाली, "काकू, बाबा क्लास पाहूनच राहिले. मी चित्र कधी काढू?"

जूनमध्ये रामदासपेठेतल्या सुलभाबाईंचा पत्ता लागला. शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाई. पूर्वी दोन विद्यार्थ्यांना त्यांनी अशीच चित्रं करून घेऊन परदेशी धाडलं होतं. मुलांना त्या स्टेशनवर, भाजीबाजारात चित्रं काढायला बसवत. फी महिना तीस, तीन महिन्यांची आगाऊ. कुसुमची वही त्यांनी सगळी पाहिली आणि चार पानं बाजूला काढून म्हणाल्या, "ही ठेव. बाकीचं विसर." कुसुमचा चेहरा असा खुलला की मी खिशातून पेन काढलं.

पांडुरंगजी मात्र खोलीभर फिरत होते. जिना अरुंद आहे म्हणाले. नळ गळतो म्हणाले. शेजारच्या घरातलं कुत्रं पोरीला चावेल का, असं विचारलं. शेवटी म्हणाले, "घरी विचारून सांगतो जी."

"सोमवारपर्यंत सांगा," बाई म्हणाल्या. "मी पाचच मुलं घेते. एकच जागा आहे, आणि ती मागणारे दुसरेही आहेत."

घरी आल्यावर त्यांच्या पत्नीने, शांतावहिनींनी, सगळं ऐकून घेतलं. कांदा चिरता चिरता त्या म्हणाल्या, "भाऊ, यायले विचारा बरं, गिऱ्हाइकाले साडी घ्याचीच नसली तं ते काय करते?"

मी पांडुरंगजींकडे पाहिलं. ते दोरीवरचा टॉवेल काढून घडी घालत होते.

"मीच सांगू का?" वहिनी म्हणाल्या. "काठाले नावं ठेवते. मंग रंगाले. कायलेच नावं ठेवता नाही आलं, तं घरी विचारून येतो म्हणते. रोज येऊन हेच सांगता ना मले?"

"चूप वं," पांडुरंगजी म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

कुसुम दारात उभी होती. "बाबा, मले जाऊ नको म्हणून एकदा सांगून टाका. नाही जाणार मी. पण लोकायच्या जिन्याले काहून नावं ठेवता?"

टॉवेलची घडी झाली. त्यांनी ती मोडली, पुन्हा घातली. मग चप्पल घालून बाहेर गेले. मीही घरी आलो.

सोमवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, ते माझ्या दारात उभे. "चला बाबूजी." सुलभाबाई कुंडीला पाणी घालत होत्या. पांडुरंगजींनी नोटा पुढे केल्या. मी मोजल्या. एकशे ऐंशी.

"नव्वद जास्त आहेत," मी म्हणालो.

"जास्त नाहीत. दोघाईचे आहेत."

"दुसरं कोण?" बाईंनी विचारलं.

"मी."

"तुम्हाला चित्रं काढायची आहेत?"

"नाही जी. मले रेघ सीधी येत नाही." त्यांचे हात घडी घालायला काहीतरी शोधत होते, तिथे काहीच नव्हतं. "पोरगी चित्र काढते तवा मी दुकानात राह्यतो. घरी येतो तं तिनं आवरून ठेवलेलं. ती काढताना कशी दिसते, हे मी अजून पाह्यलंच नाही. पुढच्या साली तं ती जाईन. रविवारी दुकान बंद राह्यते. मी मागं बसून राहीन."

बाईंनी झारी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "नुसतं बसणाऱ्याची मी फी घेत नाही."

"घ्या जी. फुकट बसलेल्याले कोणीही उठवते."

फक्त रविवारच असतील तर निम्मी फी पुरे, असं मी सुचवलं. दोघांनीही ऐकलं नाही; शेवटी बाईंनीच माघार घेतली. सुलभाबाईंना तीन महिन्यांचे एकशे ऐंशी रुपये दिले गेले. पावत्या दोन झाल्या: एक कुसुम पांडुरंग बारापात्रे, नव्वद, दुसरी पांडुरंग बारापात्रे, विद्यार्थी, नव्वद.