काट्यावरचं भांडण

दामले काकू फ्लॉवरचा पाला दुकानातच काढतात. नुसता पाला नाही, खालचा दांडाही. मेथीची मुळं खुडतात. भेंडीचं टोक मोडून बघतात, आणि कट् आवाज आला नाही तर ती भेंडी परत ढिगात. हे नाशकाच्या बाजारात नाही, दोह्यात. अल मुंतझा भागात आमच्या बिल्डिंगसमोर जे मोठं एसी दुकान आहे, जिथे माणसं हळू आवाजात खरेदी करतात, तिथे. "पाल्याचे रियाल मी का देऊ?" असं त्या विचारतात आणि मी, त्यांची शेजारीण, ट्रॉलीमागे तोंड लपवते.

मला त्यांचा फार राग यायचा. पण एकटीने दुकानात जायची भीती वाटते, म्हणून जायचे त्यांच्याबरोबरच. दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी दार वाजायचं. "चल, यल्ला." की झालीच माझी शोभा.

भाजीच्या काट्यावर जोसेफ असायचा. केरळचा, पन्नाशीचा, जाड मिशांचा. वजन करून पिशवीवर किमतीची चिठ्ठी चिकटवणं हे त्याचं काम. काकूंचा बोडका फ्लॉवर समोर आला की तो म्हणायचा, "मॅडम, आज प्याज छीलना भूल गया?" काकू म्हणायच्या, तू काट्यावर बोट ठेवतोस. मग वर फुकट कोथिंबीर मागायच्या. तो सांगायचा, कंपनी देत नाही. त्या सांगायच्या, नाशकात देतात. तो म्हणायचा, मग नाशकाला जा. मागे रांग वाढत जायची, लोक घड्याळं बघायचे, आणि काकूंचं ठेवणीतलं वाक्य यायचं, "मी सोडणार नाही." हे चांगली पंधरा मिनिटं चालायचं. बाहेर आल्यावर चेहरा असा टवटवीत, की मला त्याचाही राग यायचा. भांडून आलेल्या माणसाने निदान दमावं तरी.

गेल्या महिन्यात ते दुकान नवं केलं. आणखी एक मजला चढवला. कुठल्या कुठल्या देशाची सफरचंदं आली, ढोबळ्या मिरच्या सगळ्या रंगांच्या आल्या आणि काट्यावर माणसाच्या जागी मशीन आलं. आता आपणच वजन करायचं आणि पडद्यावर आपल्या भाजीचं चित्र शोधून दाबायचं. मेथी, पालक, शेपू, सगळी चित्रं सारखीच हिरवी. मी मेथी ठेवून दाबलं तर भलत्याच पाल्याची चिठ्ठी निघाली, तिप्पट किमतीची. साऱ्या जगाचा माल आणून मांडतात, आणि तो तोलायला एक माणूस ठेवणं ह्यांना जड जातं?

मला वाटलं, काकू आता मशीन फोडणार. पण त्या फ्लॉवर हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. पाला तसाच. मग म्हणाल्या, "मॅनेजरकडे चल. मी सोडणार नाही."

मॅनेजर तरुण होता, टाय लावलेला. काकू हिंदीत सुरू झाल्या, मी फरशीकडे बघू लागले. मशीनबद्दल त्यांनी अवाक्षरही काढलं नाही. जोसेफ कुठे आहे, एवढंच विचारत होत्या. त्याची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याला शुगर आहे, त्याच्या घराचं छप्पर अजून व्हायचंय, अशा माणसाला काढलं असेल तर हा कुठला न्याय. मी बघतच राहिले. हे सगळं बोलणं झालं कधी? मी तर शेजारीच उभी असायचे. लाजेने कान मिटून घेतलेले असायचे, तो भाग वेगळा.

मॅनेजर म्हणाला, काढलेलं नाही, थुमामाच्या ब्रँचला गोडाऊनमध्ये पाठवलंय. त्याच्या तक्रारी फार येत होत्या. दर शुक्रवारी एका मॅडमशी वाद घालत बसायचा आणि रांग खोळंबायची.

काकूंनी फ्लॉवर जवळच्या एका मांडणीवर ठेवून दिला. काही न घेता आम्ही बाहेर आलो आणि थुमामाची टॅक्सी केली.

दामले काका दूर मेसईदच्या कारखान्यात आहेत. आठवडाभर तिकडेच राहतात, गुरुवारी येतात आणि शुक्रवारभर झोपतात. दोन्ही मुलं कॅनडात. हे मला कधीचं माहीत होतं, पण त्या दिवशी टॅक्सीत त्यांच्या शेजारी बसल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं. थुमामा येईपर्यंत त्या "माफ करना, मेरी वजह से" एवढंच पुटपुटत होत्या. पुढचं वाक्य काही जमत नव्हतं.

गोडाऊनच्या मागच्या दारात जोसेफ आला. हातात मोजे, मिशीला खोक्यांची धूळ. काकूंना बघून आधी हसला, मग आमच्यामागे आणखी कोणी आहे का ते बघितलं. कोणी नव्हतं. मध्ये काटाही नव्हता. दोघं नुसती समोरासमोर उभी. पाठ केलेली माफी काकूंच्या तोंडातून बाहेरच पडली नाही.

शेवटी तोच म्हणाला, "इधर बहुत शांती है, मॅडम."

"मेरे घर में भी," काकू म्हणाल्या.