मधली भिंत

पोस्टमास्तरांचं घर विकलं जात नव्हतं आणि त्याला कारण शेजारचे शिंपीबुवा होते. स्टेशनजवळच्या रांगेतलं ते साधं घर. दोन घरांत मिळून एकच भिंत, तीही नावापुरती. एजंटनं गिऱ्हाइकाला "इथं पाणी भरपूर" म्हणावं आणि पलीकडून शिवणयंत्र थांबवून शिंपीबुवांनी प्रामाणिकपणे सांगावं, "उन्हाळ्यात नसतं हो." आलेली गिऱ्हाइकं अशीच परत गेली.

बायको गेल्यापासून पोस्टमास्तर एकटे होते. गुडघे धड चालू देत नव्हते. मुलीनं आपल्याकडं त्यांची खोलीसुद्धा लावून ठेवली होती आणि घराचं काय झालं, हे विचारून विचारून ती रडकुंडीला आली होती. शेवटी त्यांनी शिंपीबुवांना बजावलं, "आज एक नर्सबाई येतायत. काही झालं तरी तोंडातून अक्षर काढायचं नाही."

"नाही काढणार," शिंपीबुवा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

नर्सबाई आल्या. शहरातल्या दवाखान्यात रोज गाडीनं जायची त्यांची तयारी होती. "छप्पर गळतं का?" त्यांनी विचारलं.

"छे," पोस्टमास्तर म्हणाले आणि सवयीनं भिंतीकडं बघत थांबले. भिंत गप्प. यंत्रही बंद. एजंट खूश झाला, पोस्टमास्तर मात्र भिंतीजवळ सरकले. बायको गेली तेव्हाही घर इतकं शांत नव्हतं. तेव्हा शिंपीबुवा दिवसदिवस पलीकडून काहीबाही बोलत बसायचे.

"अहो, आहात ना?" त्यांनी भिंतीवर थाप मारली. उत्तर नाही. मग गुडघे विसरून ते शेजारी धावले. मागोमाग नर्सबाई आणि "आधी स्वयंपाकघर तर बघा" म्हणत एजंट.

शिंपीबुवा यंत्रापुढं लालबुंद होऊन बसले होते. ओठांत टाचण्यांची रांग.

"काढा आधी त्या," नर्सबाई दरडावून म्हणाल्या आणि त्यांनी नाडी धरली.

शिंपीबुवांनी पोस्टमास्तरांकडं पाहिलं. पोस्टमास्तरांनी मान हलवल्यावरच टाचण्या निघाल्या. "छपराचं विचारलंत, तेव्हा राहवेना. म्हणून धरल्या."

"तुम्ही नेहमी असेच भिंतीतून बोलता?"

"रोज. सकाळी हे खाकरले नाहीत, तर मी जाऊन बघून येतो."

नर्सबाईंनी नाडी सोडली. "मागं मी घरात पडले होते," त्या म्हणाल्या. "शेजाऱ्यांना पत्ताही नव्हता. घर मला पसंत आहे."

परत येऊन एजंट व्यवहाराचं बोलू लागला. पोस्टमास्तरांना हायसं वाटायला हवं होतं, पण त्यांची नजर भिंतीवरून हलेना. उद्यापासून आपलं खाकरणं कोण ऐकणार?

"छप्पर गळतं," ते एकदम म्हणाले.

एजंटनं कपाळाला हात लावला. नर्सबाई भिंतीकडं वळल्या. "खरं का हो?"

गेल्या पावसाळ्यात याच खोलीत शिंपीबुवांनी स्वतः बादल्या लावल्या होत्या. पलीकडं यंत्र दोनदा घरघरलं आणि थांबलं.

"नाही," शेवटी आवाज आला. "थेंबसुद्धा नाही. खुशाल घ्या. त्यांची लेक वाट बघतेय." शिंपीबुवा आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलत होते आणि ते त्यांना जमत नव्हतं.

नर्सबाईंनी वर छताच्या डागाकडं पाहिलं, मग डोळे पुसणाऱ्या पोस्टमास्तरांकडं.

"छपराचं मी बघून घेईन," त्या म्हणाल्या. "तुम्ही सकाळी नेमकं कसं खाकरता, तेवढं मला दाखवून ठेवा. पलीकडच्यांना चुकल्यासारखं व्हायला नको."