राखीव सामंतकाका

माझ्या लग्नात माझ्यासारखीच शेरवानी घालून आणखी एक माणूस आला होता. सामंतकाका. रंग तोच, माप माझं, त्यामुळे पोटावरची बटणं तटतटलेली. कानात म्हणाले, "घाबरू नकोस रे. तुझ्यावर आमरस सांडला तर बदलायला हवी ना! आपण स्टँडबाय."

काका आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर. तरुणपणी अंतराळात जायची तयारी काकांसकट तिघांनी केली. गेला एक. काका राखीव राहिले ते आजतागायत. भटजींना उशीर झाला तर म्हणून त्यांना सत्यनारायणाचे पाचही अध्याय पाठ. गणपतीतल्या नाटकात सगळ्यांचे संवाद पाठ, नायिकेचेसुद्धा.

एकदा मी विचारलं, "काका, अंतराळात गेला तो आधी आजारी पडावा असं कधी वाटलं नाही?"

"हॅट! तो शिंकला की काढा घेऊन मीच पळायचो."

मी सोसायटीचा सेक्रेटरी. यंदा सव्वीस जानेवारीला मालिकेतल्या एका नटाला बोलावलं होतं. त्याचा होकार येईना, म्हणून आठवडाभर आधी काकांना सांगून टाकलं, "झेंडा तुमच्या हातून." आदल्या संध्याकाळी नटाचा होकार आला. काकांना सांगायला दोनदा जिना चढलो आणि दोनदा उतरलो. माझी हिंमतच झाली नाही.

सकाळी काका कोटावर पदकं लावून हजर. शेजारी पैठणी नेसलेल्या काकू. तेवढ्यात गेटात नटाची गाडी. मी घाईघाईने म्हणालो, "काका, ते आलेत. तुम्ही आपले स्टँडबाय." त्यांचाच शब्द त्यांच्या तोंडावर मारला. लिहितानाही लाज वाटते.

काका हसले आणि दोरी कुठून ओढायची ते नटाला दाखवायला गेले. झेंडा झकास फडकला. टाळ्या नटाला.

दुपारी माफी मागायला गेलो. काका झोपले होते. काकूंनी मला दारातच थांबवलं.

"आठवडाभर गॅलरीतल्या दोरीला टॉवेल बांधून सराव करत होते. मी म्हटलं, अहो, दोरी तर ओढायचीय, त्यात काय शिकायचं? तर म्हणाले, पहिल्यांदाच माझा नंबर लागलाय गं, चुकायला नको."