दोन्ही बाह्या सारख्याच!

"गाडी म्हणजे तरी काय हो? चार चाकांवर शिवलेला कोट!" तोंडात टाचण्या तशाच धरून टेलरमास्तरांनी जाहीर केलं. "जिथे झिजलं तिथे उसवायचं, नवीन लावायचं, टीप मारायची. त्यात मेकॅनिक कशाला लागतो?"

हे ऐकायला समोर उभे होते त्यांचे मोठे मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. अंगावर अर्धवट शिवलेला कोट, दोन्ही हात आडवे पसरलेले. टाचण्यांच्या भीतीने बिचाऱ्यांना मान हलवता येत नव्हती, पण तोंड मोकळं होतं आणि मेहुण्यांचं तोंड मोकळं असणं कुणालाच परवडत नसे.

"जावईबापू, तुमची गाडी वळताना जो आवाज काढते ना, तो मला माझ्या घरात ऐकू येतो!"

हे मात्र खरं होतं. मास्तरांची जुनी गाडी सरळ रस्त्यावर अगदी शहाण्यासारखी चालायची. पण वळण आलं रे आलं की पुढच्या चाकातून सुरू व्हायचं, टक-टक-टक-टक! जणू आत कुणी चिडलेला माणूस टेबलावर पेन्सिल आपटत बसलाय. कोपऱ्यावरचं मांजर तो आवाज ऐकून आधीच उठून बाजूला व्हायचं. मास्तरांची बायको वळण आलं की सीटमध्ये खाली सरकायची आणि पदराने चेहरा झाकायची.

"अ‍ॅक्सल गेलेत तुमचे. पुढचे दोन्ही," मेहुणे म्हणाले. "रविवारी संध्याकाळी मी कोट न्यायला येणारच आहे. येताना भंगारवाल्याला घेऊन येतो. त्याच्यासमोर कोपऱ्यावर गाडी वळवून दाखवायची. टक झालं, की चावी त्याच्या हातात. बोला, आहे कबूल?"

"आहे!" आतून आवाज आला. तो मास्तरांचा नव्हता, त्यांच्या बायकोचा होता!

मास्तरांच्या घशात टाचणी अडकता अडकता राहिली. त्यांनी शिवणयंत्रासमोर वाकून वाकून पाठ मोडली होती, तेव्हा कुठे ती गाडी दारात आली होती. लेक झाली तेव्हा दवाखान्यातून तिला ह्याच गाडीच्या मागच्या सीटवर आणलं होतं. त्या गाडीला भंगार म्हणायचं? मास्तरांना इतकं वाईट वाटलं, की त्यांनी मेहुण्यांच्या काखेत टाचणी थोडी जास्तच आत खुपसली.

"आई गं! आणि हे बघा, या वेळी तरी डावी बाही आखूड करू नका. दर वेळी करता!"

"मेहुणे," मास्तर दुखावल्या सुरात म्हणाले, "माझी सगळी हयात कात्रीत गेली. एका हाताचं माप घ्यायचं आणि दोन्ही बाह्या कापायच्या, हा धंद्याचा नियम आहे. बाह्या सारख्याच असतात. तुमची उभं राहायची ढब वाकडी, त्याला मी काय करू?"

मेहुणे डावी बाही ओढत ओढत घरी गेले. गेली कित्येक वर्षं ते डावी बाही ओढतच घरी जात होते.

रविवारी सकाळी मास्तर गळ्यात मापपट्टी अडकवून गल्लीत उतरले. गाडी दारासमोरच उभी होती आणि तिच्या मागे शेजारच्या डॉक्टरांची गाडी. मास्तरांनी गाडीखाली डोकं घालून पाहिलं. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांपर्यंत पोचवायला दोन लोखंडी दांडे असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. तेच अ‍ॅक्सल. दोघांचेही सांधे झाकणारे रबरी बूट फाटले होते आणि आतलं ग्रीस चाकभर उडालं होतं.

"अगं, मी म्हटलं नव्हतं? या इंजिनाच्या बाह्याच आहेत! कोपरात फाटल्यात. दुपारच्या आत शिवून देतो!"

आता मंडळी, अ‍ॅक्सल काढायचा तर आधी चाकाच्या मध्यावरचा भला थोरला नट काढावा लागतो. तो नट गाडीच्या जन्मापासून तिथे बसलेला होता आणि हलायचा त्याचा विचार नव्हता. मास्तरांनी पान्यावर जोर लावला. मग पान्यावर उभे राहिले. मग पान्यावर उड्या मारल्या. नट ढिम्म!

"सरका," बायको म्हणाली आणि तीही पान्यावर चढली. नवरा-बायको एकमेकांचे खांदे धरून, भर गल्लीत, एका पान्यावर उभे! समोरच्या गॅलऱ्या बघता बघता भरल्या. कर्रर्र करून नट सुटला आणि दोघं एकदमच खाली आले. गॅलरीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी वाकून नमस्कारसुद्धा केला.

पुढचं काम झरझर झालं. गाडी जॅकवर चढली, चाक निघालं, खालचा सांधा सुटला. डावा अ‍ॅक्सल ओढला तशी गिअरबॉक्समधून तेलाची धार लागली. मास्तरांनी हाताला लागलं ते भांडं खाली लावलं.

"अहो, तो माझा कपडे धुवायचा टब आहे!"

"होता," मास्तर म्हणाले. त्यांनी अ‍ॅक्सलला मापपट्टी लावली, माप मनात टिपलं आणि उताराच्या तळाशी असलेल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जुना अ‍ॅक्सल खांद्यावर टाकून गेले.

दुकानदार फोनवर बोलत होता. फोन न ठेवताच त्याने विचारलं, "डावा की उजवा?"

"दोन्ही."

"तेच विचारतोय. हा कुठला?"

"अहो, हा असा आहे! असे दोन द्या."

"असेच दोन?"

"हो, असेच!" मास्तर उखडले. "शर्टाला काय एक बाही पूर्ण आणि एक अर्धी लावतात?"

दुकानदाराने खांदे उडवले आणि तसलेच दोन अ‍ॅक्सल काढून दिले. त्याला दुकान लवकर बंद करून जेवायला घरी जायचं होतं. गिऱ्हाइकाशी वाद घालण्याइतकं त्राण भुकेने शिल्लक ठेवलं नव्हतं.

डावीकडचा नवा अ‍ॅक्सल असा बसला म्हणून सांगू! आत सरकवला, 'खट्' असा आवाज आला, संपलं काम! मास्तरांनी चाक चढवलं, मिशीवर ग्रीसचा हात फिरवला आणि म्हणाले, "बघितलंस? आता दुसरी बाजू म्हणजे नुसती नक्कल!"

उजवीकडचा जुना अ‍ॅक्सल त्यांनी ओढायला घेतला. तो आला. मग आणखी आला. मास्तर मागे सरकत गेले आणि अ‍ॅक्सल येतच राहिला. शेवटी बाहेर पडला तेव्हा मास्तर गटारापर्यंत पोचले होते. दांडा चांगला दीडपट लांब! नवा शेजारी ठेवला तर ताडाशेजारी तुळस!

मास्तरांनी एकाला मापपट्टी लावली, मग दुसऱ्याला लावली. मग त्यांचा चेहरा उजळला. "समजलं! वापरून वापरून ताणला गेलाय!"

"लोखंड?" बायकोने विचारलं.

"सैल पडतं गं. कापड नाही का गुडघ्यात ताणलं जात?"

"अहो, पण लोखंड?"

मास्तरांनी नवा अ‍ॅक्सल आत घालून पाहिला. एक टोक गिअरबॉक्समध्ये बसलं, तर दुसरं टोक चाकापासून हातभर लांब राहिलं. त्यांनी चाकाचा सगळा भाग आत ढकलून पाहिला. अ‍ॅक्सलला गोड बोलून पाहिलं. शेवटी बोनेट उघडलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गिअरबॉक्स मधोमध नव्हताच! तो चक्क डावीकडे सरकून बसला होता. डावीकडे अ‍ॅक्सल आखूड, उजवीकडे लांब, असं गाडीचं माप जन्मापासूनच होतं. आणि मास्तर दोन डाव्या बाह्या घेऊन आले होते!

"दुकान बंद होईल!" मास्तर ओरडले. तेवढ्यात डॉक्टर किल्ली फिरवत खाली आले. "मास्तर, जरा गाडी पुढे घ्या. मला निघायचंय. पेशंट वाट बघतोय."

आता पेशंटला कसं सांगणार, की थांब बाबा, आमची बाही आखूड झालीय? मास्तरांनी उजवं चाक टेकवण्यापुरतं चढवलं, गाडी जॅकवरून उतरवली आणि बायकोला स्टिअरिंगवर बसवलं. बायकोने लग्नानंतर गाडी शिकून घेतली होती, पण मास्तर तिला चालवू देतील तर ना!

"घाबरू नकोस. गाडी गिअरमध्ये आहे. क्लच दाब, हँडब्रेक सोड, मी थोडं ढकलतो. मी 'सोड' म्हटलं की क्लच सोड. गाडी जागच्या जागी थांबेल!"

मास्तरांनी ढकललं. गाडी पुढे गेली. डॉक्टरांची वाट मोकळी झाली. "सोड!"

बायकोने क्लच सोडला. गाडी थांबली नाही.

थांबणार कशी? उजवा अ‍ॅक्सलच नव्हता! एक बाजू अशी रिकामी असली की गिअर आतल्या आत फिरत बसतो आणि चाकांना तो धरूच शकत नाही. हे मास्तरांना त्याच क्षणी कळलं, पण गाडी तोवर उताराला लागली होती.

"सोड म्हटलं ना!"

"सोडला! केव्हाच सोडला!"

"अगं, मग थांबव!"

गाडी पुढे, मास्तर मागे, त्यांच्या मागे फडफडणारी मापपट्टी आणि सगळ्यात मागे सावकाश गाडी चालवत, खिडकीतून सूचना देणारे डॉक्टर. मास्तरांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. गाडी जाऊ दे खड्ड्यात, पण आत बायको होती! "उडी मार!" ते किंचाळले. "नको, मारू नकोस! मार! नको!"

आत बसलेल्या बाईंनी मात्र पदर खोचला, स्टिअरिंग घट्ट धरलं, हॉर्न वाजवला आणि मांजराला वाचवत कोपऱ्यावर गाडी अशी झोकात वळवली की गॅलऱ्यांतून पुन्हा टाळ्या पडल्या. मग दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून त्या जवळजवळ उभ्याच राहिल्या. गाडी कुरकुरली, हळू झाली आणि बरोब्बर स्पेअर पार्टच्या दुकानासमोर थांबली. दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं होतं. बंपर आणि शटर यांच्यात वीतभर अंतर उरलं होतं.

बाईंनी काच खाली केली. "उजवा द्या," त्या म्हणाल्या. "लांबवाला."

दुकानदाराने शटर मुकाट्याने वर केलं.

मास्तर धापा टाकत पोचले. "लागलं का गं कुठे? मी... मला वाटलं..." त्यांचे डोळे भरून आले.

बायकोचे गाल लाल झाले होते. तिचे डोळे असे चमकत होते, जसे मास्तरांनी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते. "अहो," ती म्हणाली, "काय मस्त चालते हो ही! भंगारवाल्याला देणार असाल तर याद राखा!"

"अगं, पण कबूल तूच केलंस!"

"मग लागा कामाला!"

काम तिथेच, दुकानाच्या सावलीत झालं. दुकानदाराने मास्तरांनी घरून आणलेला जादा डावा परत घेऊन उजवा दिला, तेलाचा डबा दिला आणि दोघं डोळ्यांसमोरून लवकर जावेत म्हणून स्वतःचे जॅक आणि पानेही दिले. लांब अ‍ॅक्सल आत सरकला, 'खट्' झालं, नट आवळला, गिअरबॉक्समध्ये तेल गेलं. या वेळी पान्यावर दोघं न सांगता एकदमच चढले.

संध्याकाळी मेहुणे आले, बरोबर भंगारवाला. तो आल्या आल्या गाडीच्या टपावर टकटक करून वजनाचा अंदाज घेऊ लागला.

"हात काढा!" मास्तरांची बायको कडाडली आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली.

गाडी निघाली. कोपरा आला. मास्तरांनी डोळे गच्च मिटले. बायकोने स्टिअरिंग पार टोकापर्यंत फिरवलं. डावीकडे गोल, उजवीकडे गोल, पुन्हा डावीकडे गोल. टक नाही, टुक नाही! इतकी शांतता, की कोपऱ्यावरच्या मांजराला गाडी आल्याचा पत्ताच लागला नाही. त्याच्यासाठी हॉर्न वाजवावा लागला.

"ही गाडी भंगारात घेत नाही मी," भंगारवाला नाराजीने म्हणाला. "फुकट आणलंत मला." आणि तो चालता झाला.

मास्तरांची छाती एवढी फुगली की सदऱ्याचं एक बटण तटकन तुटलं. "मेहुणे! बोला! कुठे गेला तुमचा टक-टक?"

"मानलं, जावईबापू," मेहुणे म्हणाले. त्यांनी खरंच मानलं होतं. त्यांनी नवा कोट अंगात घातला, आरशासमोर उभे राहिले आणि सवयीने डावी बाही ओढली. "फक्त ही बाही तेवढी..."

एरवी मास्तर तडकले असते. पण आज ते जिंकले होते, आणि जिंकलेला माणूस दिलदार असतो. "या इकडे! आज तुमची ही जन्माची तक्रार मिटवूनच टाकतो. आज मी दोन्ही हात मोजतो. घ्या!"

त्यांनी उजवा हात मोजला. मग डावा हात मोजला. मग पुन्हा उजवा. मग चष्मा पुसून पुन्हा डावा. 

"काय झालं?" मेहुण्यांनी विचारलं.

मास्तरांनी मापपट्टीवर अंगठा तसाच दाबून धरला. "मेहुणे, तुमचा डावा हात... वापरून वापरून ताणला गेलाय."

बायकोने मापपट्टीवरचे आकडे पाहिले. मग भावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. हातातली गाडीची चावी तिने सावकाश कमरेला खोचली.

"दादा, कोट काढ. बाही बदलायची आहे," ती म्हणाली. "आणि अहो, कापड फाडायच्या आधी एकदा मोठ्याने सांगा बघू. डावी की उजवी?"

"डावी," टेलरमास्तर हळूच म्हणाले. "लांबवाली."