गोटूचं पहिलं पाऊल कुणी पाहिलं?

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता गोटूने पाळणाघरातल्या टेबलाचा पाय सोडला, चार पावलं टाकली आणि धपकन खाली बसला. मावशींनी हातातली दुधाची बाटली टाकून स्वतःचंच तोंड दाबलं आणि जागच्या जागी दोन उड्या मारल्या. ओरडायची सोयच नव्हती.

कारण त्यांचा नियम. मूल पोटात असतानाच लोक मावशींकडे जागा राखून ठेवत. मग पालथं पडणं, दात, बोबडे शब्द, सगळं त्यांच्याच डोळ्यांदेखत व्हायचं. पण घरी अवाक्षर सांगायचं नाही! पहिलं पाऊल आईबापांनीच पाहायचं, नाचत येऊन सांगायचं, आणि मावशींनी चकित व्हायचं. तेवीस वर्षांत त्या यात इतक्या तयार झाल्या होत्या, की कधीकधी खरोखरच चकित होत.

सोमवारी संध्याकाळी गोटूचे बाबा न्यायला आले. ते बस चालवत. त्यांनी गोटूला झटकन कडेवर घेतलं.

"काय मावशी, आज काही विशेष?"

"छे, काहीच नाही."

बाबांचा चेहरा पडला. मावशींचा जीव तुटला. तेरा महिन्यांचं पोर अजून चालत नाही, म्हणून बापाला घोर लागला असणार!

मंगळवारी मावशी म्हणाल्या, "दादा, त्याला जरा खाली ठेवा की. कंबर धरेल तुमची."

"नको, नको! असू दे!" बाबांनी गोटूला असा आवळला, की तो किंचाळला.

बुधवारी मावशींनी टोपी हरवल्याचं निमित्त काढून बाबांना भरदुपारी बोलावलं. ते धापा टाकत आले.

"चालला का? म्हणजे... बरा आहे ना?"

टोपी गोटूच्या डोक्यावरच होती. बाबांनी गोटूला उचललं, पोटभर पापे घेतले आणि मावशींच्या हातात परत दिलं. जमिनीला पाय लागू दिले नाहीत.

गुरुवारी मावशींचा धीर सुटला. हा बाप पोराला कॉलेजातसुद्धा कडेवरून सोडेल! त्यांनी गोटूला सरळ हिसकावलं आणि जमिनीवर उभं केलं.

"मावशी, थांबा!"

गोटू थांबला नाही. अख्खी खोली ओलांडून, पाळण्याला वळसा घालून तो चपलांच्या फळीपाशी पोचला.

"अगंबाई! चालला!" मावशी ओरडल्या.

"अरे बापरे! खरंच की!" बाबा त्यांच्यापेक्षा मोठ्यांदा ओरडले.

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबांचं आश्चर्य मावशींच्या सरावलेल्या नजरेला कच्चं वाटलं.

बाबा ओशाळले. "खरं सांगू? हा रविवारीच घरी चालला. पण ही म्हणाली, मावशी पोरांसाठी एवढं करतात, निदान याचं पहिलं पाऊल तरी त्यांना पाहू दे. तुम्हीच सांगाल म्हणून आम्ही रोज वाट बघत होतो. माझ्यादेखत चालला असता, तर माझ्या तोंडावरून तुम्ही ओळखलं असतं. रागावू नका."

मावशींचे डोळे भरून आले. तेवीस वर्षांत असं त्यांच्यासाठी कुणी केलं नव्हतं. शुक्रवार अगदी ओठांवर आला.

"पण रविवारी काय मजा आली मावशी! सोफ्यापासून दारापर्यंत! जगात सगळ्यात आधी मी पाहिलं!"

मावशींनी शुक्रवार गिळला आणि पोरांच्या छोट्या खुर्चीत बसकण मारली.

"पहिल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या.

बाबांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तर स्वतः झोकांड्या खात, चालून दाखवलं.