बॉनेट वर, निदान चालू

"यंत्र कधी खोटं बोलत नाही. ऐकणारा कान तेवढा खरा पाहिजे!" असं आप्पा छाती फुगवून म्हणायचे आणि म्हणून झालं की मागेपुढे बघायचे. कुणी ऐकलं का, ते पाहायला. बहुतेक वेळा कुणी नसायचंच.

आप्पा म्हणजे निवृत्त लिफ्ट तपासनीस. उभं आयुष्य वर-खाली करण्यात गेलं, पण बढतीच्या बाबतीत खात्याने त्यांना ज्या मजल्यावर घेतलं त्याच मजल्यावर सोडलं. नुसत्या आवाजावरून लिफ्टचं दुखणं सांगणारा माणूस! आता मात्र स्वतःच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये त्यांना माणसं भेटायची ती चार मजल्यांपुरती. एकदा त्यांनी एकाला सहज विचारलं, "आज दार जरा घासतंय, नाही?" त्याने कानातला इअरफोन काढला, "मला म्हणालात?" असं विचारलं, आणि आप्पा तोंड उघडणार तोच त्याचा मजला आला.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी दूरच्या शहरात. घरात आवाज करणाऱ्या वस्तू दोनच: एक गळका नळ आणि दुसरे आप्पा. खाली पार्किंगमध्ये मात्र त्यांची जुनी गाडी होती, आणि ती बोलायची! सकाळी किल्ली फिरवली की इंजिनातून आधी खडखड-खडखड असा तक्रारीचा सूर यायचा. मग तेल वर चढलं की स्वारी शांत.

"आप्पा, टायमिंग चेन सैल झालीय," गॅरेजवाला मिस्त्री प्रत्येक खेपेला सांगायचा. "वरचे व्हॉल्व आणि खालचे पिस्टन यांना तालात ठेवणारी तीच. तुटली तर दोघं एकमेकांवर आदळतील. बदलून टाकू."

"बघू, बघू," आप्पा म्हणायचे.

बदलायची कशी? सकाळच्या प्रहरी आप्पांवर कुरकुर करणारं जगात तेवढं एकच उरलं होतं!

एका सकाळी ते नेहमीसारखे गाडीत बसले. "हं, बोला!" म्हणत किल्ली फिरवली. खडखड... खडखड... खाट्! आणि गाडी गप्प.

आप्पांनी पुन्हा सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण कसं? दोरा संपलेलं शिवणयंत्र चालावं तसं! हलकं, सुळसुळीत, बिनकामाचं. आप्पांच्या कानाने तत्क्षणी निकाल दिला: चेन तुटली. आणि कानाने निकाल देताच आप्पांनी कानांवर हात ठेवले.

कारण होता मुलीशी झालेला करार. "बाबा," ती म्हणाली होती, "स्वतः गाडी चालवून बाजार, दवाखाना करताय तोवर राहा एकटे. गाडी बंद पडली की एकटं राहणंही बंद. सरळ माझ्याकडे यायचं." मुलगी गुणी, जावई भला. पण दोघं सकाळी जात ते दिवेलागणीनंतर उगवत. म्हणजे तिथेही आप्पा एकटेच, फक्त विसाव्या मजल्यावर! इथलं एकटेपण निदान ओळखीचं तरी होतं. थोडक्यात काय, इंजिन मेलं की घर गेलं!

आप्पांनी बॉनेट उघडलं, टेकू लावला आणि आत बघत उभे राहिले. दुसरं करणार काय?

आणि काय सांगू, चमत्कार झाला! गुळाला मुंगळे लागावेत तशी उघड्या बॉनेटला माणसं लागतात, हे आप्पांना ठाऊक नव्हतं. सल्ला न देता उघड्या बॉनेटवरून पुढे जाईल असा पुरुष अजून जन्मायचाय. (बायकाही जात नाहीत, हे पुढे कळलं.)

पहिले आले पहिल्या मजल्यावरचे गाण्याचे मास्तर, हातात दुधाची पिशवी घेऊन. "काय झालं हो?"

'काय झालं' असं आप्पांना कुणी विचारल्याला युग लोटलं होतं. चेन तुटली म्हणून सांगितलं असतं तर मास्तर 'अरेरे' म्हणून दूध घेऊन वर गेले असते. आप्पांनी घसा साफ केला आणि गंभीरपणे म्हणाले, "निदान चालू आहे."

"असं? बघू जरा!" मास्तरांनी पिशवी टपावर ठेवली.

मागोमाग सोसायटीचे सेक्रेटरी आले. "पार्किंगमध्ये यंत्रकाम मना आहे! ताबडतोब बंद करा हे!" असं ओरडत आले, आत डोकावले आणि म्हणाले, "बॅटरी असणार."

"बॅटरी असती तर सेल्फ फिरला असता का?" मास्तर.

"तुम्ही सा-रे-ग-म बघा हो!"

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई दवाखान्यात निघालेल्या, त्याही थांबल्या. बाई दिवसभर माणसांशी बोलत, पण ज्यांच्याशी बोलत त्यांचं तोंड उघडं असल्यामुळे उत्तर फक्त 'आँ' एवढंच मिळे. इथे तीन पुरुष चक्क शब्दांत बोलताना दिसले आणि त्यांना राहवेना. "कधीपासून दुखतंय?" त्यांनी सवयीने विचारलं.

त्या दिवशी टपावर ठेवलेलं दूध नासलं, पण मास्तरांच्या लक्षातही आलं नाही.

मग रोजच सुरू झालं. संध्याकाळी आप्पा बॉनेट उघडत, आणि एकेक जण खुर्ची, मोढा, उलटी बादली घेऊन खाली येई. चहा आप्पांच्या घरून. नळ गळका असला म्हणून काय झालं, चहापुरतं पाणी येत होतं! आप्पांना एवढे कप घरात आहेत हेच माहीत नव्हतं. मिस्त्रीला फोन करायचं रोज ठरे आणि रोज राहून जाई. "आधी आपण नक्की करू," आप्पा म्हणत. "मिस्त्री काय, आला की गाडी घेऊनच जाईल!" हे वाक्य त्यांच्या तोंडून जरा जास्तच घाईने निघे.

अखेर चेनवर एकमत झालं. पण आत कितपत नासधूस झालीय? डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातला बारीक कॅमेरा आणला, तारेला बांधला आणि प्लग काढून त्या भोकातून आत सोडला. पडद्यावर पिस्टनचं काळंकुट्ट डोकं दिसलं. त्यावर चंद्रकोरीसारखी चकचकीत खूण.

"घासलेत!" बाई म्हणाल्या. "झोपेत दात खाणाऱ्यांच्या दाढांवर अश्शीच खूण असते. हिला रात्री पार्किंगमध्ये एकटं वाटतं का हो?"

सगळे हसले. आप्पा जरा उशिरा हसले.

म्हणजे व्हॉल्व पिस्टनवर आदळले, हे खरं. पण वाकले का? रविवारी सकाळी मोठी परीक्षा ठरली. युक्ती आप्पांचीच: प्लगच्या भोकात रबरी नळी बसवायची, दुसऱ्या टोकाला सायकलचा पंप. आत हवा भरायची. व्हॉल्व धड असेल तर हवा कोंडून राहील, वाकला असेल तर निसटेल. सायलेन्सरमधून निसटली तर धुराचा व्हॉल्व गेला, फिल्टरकडून निसटली तर हवेचा!

पंप सेक्रेटरींचा, म्हणून पंप मारायचा मानही त्यांचा. डॉक्टरीणबाई फिल्टरला कान लावून. मास्तर जमिनीवर पालथे पडून सायलेन्सरला कान लावून. आप्पा मधे उभे, दोन्ही हात वर करून, लग्नातल्या बँडच्या म्होरक्यासारखे.

"मारा!"

सेक्रेटरींनी दणादण पंप मारला. "येतेय! येतेय!" मास्तर ओरडले. "धैवत लागलाय! स्वच्छ धैवत!"

"दुसरा सिलिंडर!"

"इकडेही येतेय!" बाई फिल्टरकडून किंचाळल्या.

"तिसरा!"

"पंचम! पण कणसूर आहे!"

चौथ्याला पंप लागला आणि नेमका तेव्हाच आप्पांचा फोन वाजला. मुलगी, आणि तीही चेहऱ्यासकट! आप्पांनी गडबडीत नको ते बटण दाबलं. मुलीला काय दिसलं असेल ते मनात आणा: एक माणूस पंपावर कोसळून धापा टाकतोय, एक बाई गाडीला मिठी मारून उभी आहे आणि जमिनीवरून एक गृहस्थ उठताहेत, ज्यांचा अर्धा चेहरा काळा आणि अर्धा गोरा!

"बाबा! काय झालंय तिथे? अपघात?"

"काही नाही गं, आपलं..."

"गेलं!" मास्तरांनी खड्या आवाजात सम गाठली. "चारही सिलिंडर गेले! इंजिन खलास!"

मग मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, गाडी बंद आहे? किती दिवस? आणि मला बोलला नाहीत? शनिवारी येते मी. सामान आवरायला लागा."

फोन बंद झाला. मास्तर रुमालाने तोंड पुसत होते, काळं होतं ते आता सगळीकडे सारखं पसरत होतं. "मी काही चुकीचं बोललो का?" त्यांनी विचारलं. आप्पांनी करार सांगितला. सेक्रेटरी निमूटपणे पंपाची नळी गुंडाळत राहिले.

आता मात्र मिस्त्रीला फोन गेला. तो दुपारीच आला, खांद्यावर ओढायचा दोर टाकून. परीक्षेची हकीकत त्याने शेवटपर्यंत ऐकली. मग डोक्याला हात लावून मडगार्डवर बसला.

"अहो, चेन तुटली की व्हॉल्व हलवणारा वरचा दांडा जिथल्या तिथे थांबतो. त्या वेळी जे व्हॉल्व उघडे असतील ते उघडेच राहतात! हवा जाईल नाही तर काय? उघड्या दारातून वारा आला म्हणून दार मोडलं, असं म्हणणारी माणसं आज पहिल्यांदा बघतोय!"

"म्हणजे इंजिन जिवंत आहे?" आप्पांनी विचारलं.

"तेही आत्ता सांगता येत नाही. नवी चेन घालून सगळं तालात आणीन, मग हवा भरीन. तेव्हा जिथून गळेल ते खरं वाकलेलं." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आप्पा, या लोकांचं ठीक आहे. तुम्हाला तर सेल्फ ऐकल्या ऐकल्या कळलं असणार. इतके दिवस फोन का नाही केलात?"

आप्पा गाडीभोवती मांडलेल्या खुर्च्या, मोढे आणि ती उलटी बादली बघत होते. मिस्त्रीनेही बघितलं.

"बरं," तो म्हणाला. "उद्या सकाळी नेतो गाडी. आज दोर आणायला विसरलो."

आणि खांद्यावरचा दोर सावरत तो निघून गेला.

शनिवारी मुलगी भली मोठी रिकामी बॅग घेऊन आली. दार उघडलं एका अनोळखी बाईंनी. आत एक गृहस्थ कप विसळत होते, दुसरे ओट्याखाली उताणे पडून नळ घट्ट करत होते.

"बाबा, ही कोण माणसं?"

"निदान समिती," आप्पा म्हणाले. "श्श! फोनची वाट बघतोय."

फोन आला. आप्पांनी तो टेबलाच्या मधोमध ठेवला. आप्पांचं बोट पुन्हा नको त्या बटणाकडे निघालेलं पाहून आवाज मोठा करायचं बटण डॉक्टरीणबाईंनी दाबलं.

"आप्पा," मिस्त्री म्हणाला, "हेड उघडलं. एकाच सिलिंडरचे दोन व्हॉल्व वाकलेत. पिस्टनवर नुसते ओरखडे. सुरू होतानाच तुटली म्हणून वाचली. पळवा अजून कितीही वर्षं!"

सेक्रेटरी ओट्याखालून उठायला गेले आणि डोकं आपटून परत खाली बसले. मास्तरांनी तान घेतली. मुलीने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं, मग बापाकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि बॅग पलंगाखाली ढकलली. दुसऱ्या दिवशी ती बॅग रिकामीच परत घेऊन गेली.

गाडी घरी आली. आप्पा आत बसले. "हं, बोला!" म्हणाले आणि किल्ली फिरवली.

गाडी काही बोलली नाही. खडखड नाही, कुरकुर नाही. नुसती सायीसारखी मऊ घुरघुर.

आप्पांनी मिस्त्रीला फोन लावला. "तो आवाज गेला का हो पार?"

"गेला! त्यासाठीच तर चेन बदलली."

"थोडासा ठेवता नसता का आला?"

त्या आठवड्यात गाडी घड्याळासारखी चालली. बॉनेट बंद होतं. लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले. "गाडी कशी आहे?" "उत्तम." "छान, छान." पुढे दोघांनाही काही सुचेना, आणि मजला आला. मास्तरांच्या घरून एकाच शिष्याचा आवाज येई, तोही बेसूर. डॉक्टरीणबाईंची खुर्ची आप्पांच्या दाराबाहेरच राहिली होती. परत मागायला कुणी आलं नाही.

रविवारी सकाळी आप्पा खाली गेले. गाडी चालू केली. बॉनेट उघडलं, टेकू लावला, आणि कपाळाला जमतील तेवढ्या आठ्या घालून आत बघत उभे राहिले.

"काय झालं हो?" मास्तर जिन्यातूनच ओरडले. दूध त्यांनी या वेळी घरी ठेवलेलं दिसत होतं.

"आवाज येतोय," आप्पा नजर न उचलता म्हणाले. "बारीक आहे."

इंजिन लोण्यातून सुरी फिरावी तसं चाललं होतं. मास्तरांचा कान म्हणजे तंबोऱ्याच्या तारेवर बसलेली माशी ओळखणारा. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकलं.

"आहे!" मास्तर म्हणाले. "अगदी बारीक आहे, पण आहे. एका बैठकीत सापडायचा नाही."

"मला वरपर्यंत ऐकू आला!" सेक्रेटरी उलटी बादली घेऊन येत म्हणाले.

डॉक्टरीणबाई आल्या, आप्पांच्या दारातून आपली खुर्ची घेऊनच आल्या, आणि बसता बसता म्हणाल्या, "माझ्याही गाडीला अस्साच आवाज येतोय. पुढच्या रविवारी तिचं बघू."

"अहो पण बाई," आप्पांना राहवलं नाही, "तुमची गाडी तर विजेवर चालते! तिला चेन नाही, व्हॉल्व नाही, मुळात इंजिनच नाही!"

"बघा ना!" बाई म्हणाल्या. "म्हणजे दुखणं किती गंभीर असेल! दोन-चार रविवार तरी लागतील."

"मी पंप आणतो," सेक्रेटरी म्हणाले.