ओरखडा न पडलेला पटर

एका जंगलात, बाळांनो, गोल्फ शिरला होता. कसा शिरला ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच हात वर करून विचारायला नको.

तिथल्या वाघाने फार वर्षांपूर्वी एका साहेबाला खाल्लं. साहेब पचला. साहेबाचा खेळ मात्र पचेना. वाघाला बसल्या जागी ढेकर यायची आणि ढेकरेबरोबर हातात काठी घेऊन हिरवळीवर उभं राहावंसं वाटायचं. वैदू घुबडाने नाडी पाहिली आणि सांगितलं की महाराज, हे दुखणं नाही, ही प्रतिष्ठा आहे. हिच्यावर झाडपाला चालत नाही. क्लब काढा.

क्लब निघाला. साहेबाच्या पिशवीत लांब टोलवायच्या काठ्याही होत्या, पण टोलवलेले चेंडू झाडीत जायचे आणि माकडं ते अंडी म्हणून उबवत बसायची. शेवटी एकच चेंडू उरला. तेव्हा असं ठरलं की टोलवाटोलवी बंद. पाणवठ्याजवळच्या हिरवळीवर खेळाचा फक्त शेवटचा तुकडा खेळायचा. चेंडू हळूच ढकलायचा आणि गलीत घालायचा. गल म्हणजे गोट्या खेळताना तुम्ही अंगणात करता तसला खळगा. आणि ढकलायच्या काठीला म्हणतात पटर. एवढं कळलं की गोल्फ कळला. उरलेला गोल्फ म्हणजे कपडे, आणि जंगलात कपडे कोणी घालत नाही.

त्या क्लबात एक रीत होती. ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावर आहे.

एकदा वाघमहाराजांचा चेंडू गलीच्या अगदी ओठावर थांबला. आता मांजराच्या पिलानेही तो आत पाडला असता. महाराजांनी ढकलला आणि तो बाजूने निघून गेला. एक ससा हसला. त्या सशाचं पुढे काय झालं ते मी सांगणार नाही, तुम्ही जेवून बसला आहात. पण तेव्हापासून रीत पडली. पटराचं डोकं गलीत टेकवून काठी आडवी ठेवायची. चेंडू काठीच्या लांबीच्या आत असला तर समोरच्याने अदबीने म्हणायचं, ‘राहू द्या, गेलाच तो.’ की चेंडू गेला. मारायची गरज नाही. महाराज न्यायी होते, त्यामुळे ही सवलत त्यांनी सगळ्यांना लागू केली. आपली लाज झाकायला कायदा करावा लागला, तर तो सगळ्यांसाठी करावा. लाज त्यात मिसळून जाते.

आता आपल्या अस्वलाकडे येऊ. त्याचं नाव भालबा.

भालबाला पटरांचा नाद होता. खेळायचा नाही हं, पटरांचा. त्याच्या गुहेत भिंतीला ओळीने पटर उभे होते. शिसवीचे, खैराचे, अंजनाचे, एक तर सांबराच्या शिंगाचा. प्रत्येकाच्या डोक्यावर सुगरणीचं रिकामं घरटं टोपरं म्हणून घातलेलं. पटरांना गारठा बाधू नये म्हणून गुहेची आतली बाजू त्यांना दिली होती. भालबाची दोन पोरं दाराशी निजायची. पोरांना केस असतात, पटरांना नसतात, असं तो समजावून सांगायचा.

संध्याकाळी भालबा एकेक टोपरं काढायचा. पटर हातात तोलायचा, डोळे मिटायचा, हवेत जरासा हलवायचा आणि सुस्कारा सोडून परत ठेवायचा. याला तो सराव म्हणायचा. चेंडूला त्याने कधी पटर लावला नाही. चेंडू टणक असतो. ओरखडा पडतो.

हे सगळे पटर करायचा एक साळिंदर. त्याला सगळे काटेमास्तर म्हणत. मास्तर प्रत्येक पटर स्वतःच्या दाताने कुरतडून घडवायचे, सागाच्या खरखरीत पानाने घासायचे आणि करंजाचं तेल चोळायचे. घाई केली तर काठी परत घ्यायचे. किती दिवस लागतील असं कुणी विचारलं तर पाठ फिरवून काटे फुलवायचे, आणि गिऱ्हाईक माफी मागून निघून जायचं. मास्तर स्वतः कधी खेळले नव्हते. त्यांचं म्हणणं, आचाऱ्याने पंगतीत बसू नये.

भालबाच्या घरचं पोट मात्र पटरांवर चालत नव्हतं. ते चालायचं एका सावरीवर.

हिरवळीच्या कडेला ती जुनी सावर उभी होती. सरळसोट, आभाळाला टेकलेली. तिच्या वरच्या फांद्यांना दर उन्हाळ्यात आग्या मोहोळं लोंबायची. भालबाचा आजा तिच्यावर चढला, बाप चढला, आता भालबा चढायचा. उन्हाळ्यात बाकीचं रान वाळून जाई, तेव्हा अस्वलाच्या घरात मध असायचा. पोरं त्यावरच वाढत होती.

आणि यंदा खंडेरावाने त्या झाडावर बोट ठेवलं.

खंडेराव म्हणजे रानडुक्कर. चिखलातून थेट हिरवळीवर यायचा, बाभळीचं एक वाकडं मूळ उपटून त्यालाच पटर म्हणायचा आणि जिंकायचा. सभेत त्याने मुद्दा मांडला की झाड हिरवळीच्या कडेला आहे, हिरवळ क्लबाची आहे, मग झाड एकट्या भालबाचं कसं? मोहोळं आलीच आहेत, एकदाचं ठरून जाऊ दे.

वाघमहाराजांना मध आवडत नव्हता, त्यामुळे त्यांना निष्पक्ष राहणं सोपं गेलं. ते म्हणाले, खेळून ठरवा. येत्या पुनवेच्या सकाळी, सावरीच्या मुळापासून एक डाव. ज्याचे फटके कमी, त्याची सावर. हरलेल्याने पुन्हा झाडाकडे मान वर करून पाहायचं नाही.

भालबा घरी आला. त्याच्या बायकोने, रखमीने, सगळं काढून घेतलं. ती काही रडली नाही. तिने भिंतीकडे पाहिलं.

‘एवढ्या काठ्या आहेत ना? एक उचला आणि पुनवेपर्यंत रोज मारून बघा.’

‘मारून?’ भालबा म्हणाला. ‘अगं, हा मास्तरांच्या हातचा आहे.’

‘मग तो नको. तो शिंगाचा घ्या.’

‘त्याला तर नखसुद्धा लावू देत नाही मी पोरांना.’

‘मग खंडेरावाकडून बाभळीचं मूळ मागून आणा,’ रखमी म्हणाली. ‘पोरांनी उन्हाळाभर काय टोपरी चाटायची?’

एवढं बोलून ती पोरांना घेऊन माहेरी निघून गेली. जाताना सांगून गेली की पुनवेला परत येईन, आणि येईन ती त्या झाडाखालीच येईन.

भालबाने प्रयत्न केला, नाही असं नाही. एक पटर घेऊन तो हिरवळीवर गेला. चेंडू ठेवला. पटर मागे नेला. आणि लाकडावरची ती तेलाची झाक उन्हात अशी काही चमकली की त्याचा हात खाली येईना. तो सावरीच्या मुळाशी बसला. दुपार कलली होती. झाडाची सावली हिरवळीवर आडवी पसरली होती. भालबाने सहज पाहिलं, तर सावलीचं टोक गलीच्या पार गेलेलं.

तो बराच वेळ पाहत राहिला. मग उठून थेट काटेमास्तरांकडे गेला.

मास्तरांना त्याने सांगितलं की लांब पटर हवा. मास्तर म्हणाले, किती लांब? भालबा म्हणाला, सावरीच्या मुळापासून गलीपर्यंत. मास्तरांनी काटे फुलवले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत लांबी कुणी मागितलीच नव्हती, म्हणाले. सगळे आपले हातभर काठ्यांत अडकलेले.

‘पण एवढं सरळ लाकूड रानात एकच आहे, भालबा,’ मास्तर म्हणाले. ‘आणि ते तर डावावर लागलंय.’

‘डाव मीच जिंकणार ना? मग झाड माझंच. माझ्या झाडाचा पटर करायला मला कुणाची परवानगी लागते?’

मास्तरांनी यावर विचार केला. त्यांना त्यात चूक सापडली नाही. तुम्हालाही सापडली नसेल, तर मोठेपणी तुम्ही बँकेत लागाल.

मास्तरांनी दात लावला. सावर पडली. मोहोळाच्या माश्या आधी घोंगावल्या, मग उठल्या आणि काळ्या ढगासारख्या ओढ्यापलीकडे गेल्या. भालबाने मध सांडलेला पाहिला आणि पाय मागे घेतला. लाकडाला डाग लागू नये म्हणून त्याने तो पानाने पुसून टाकला. मग पुनवेपर्यंत मास्तर कुरतडत राहिले. खोडाची काठी झाली, काठीला बाक आला, डोक्यावर नक्षी आली. मास्तर मागे सरकून पाहायचे, पुढे येऊन चावायचे. भालबा नुसता तेल चोळत होता.

पुनवेच्या सकाळी सगळं रान हिरवळीभोवती जमलं. दोन गव्यांच्या खांद्यावरून पटर आला, जत्रेत सासनकाठी मिरवावी तसा. पुढे काटेमास्तर, मागे भालबा. झाड कुठे गेलं हे कुणी विचारलं नाही. पटर इतका देखणा होता की तसं विचारणं असंस्कृतपणाचं वाटलं असतं.

रखमी पोरांना घेऊन आली आणि रानाच्या तोंडाशीच थबकली. तिला वाटलं, वाट चुकली. दोनदा मागे जाऊन आली. मग तिला सावरीचा बुंधा दिसला.

ती भालबाजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘अहो, झाड कुठंय?’

‘थांब जरा,’ भालबा म्हणाला. ‘आत्ता आपलं होतंय.’

पहिली पाळी खंडेरावाची. त्याने बुंध्याशी चेंडू ठेवला, बाभळीचं मूळ सोंडेत धरल्यासारखं तोंडात धरलं आणि एक फटका दिला. चेंडू हरणांनी चरलेल्या गवतावरून घरंगळत गेला, गलीच्या कडेवर एक घिरटी घेतली आणि आत पडला. एका फटक्यात.  खंडेरावाने चिखलात लोळून घ्यायला अंग सैल केलंसुद्धा. एकाहून कमी काय असतं?

भालबा पुढे झाला. त्याने चेंडू बुंध्याशी ठेवला. गव्यांनी पटर खाली उतरवला. डोकं अलगद गलीत टेकवलं, आणि काठी आडवी ठेवली. ती हिरवळ ओलांडून, चेंडूला मागे टाकून, बुंध्याच्याही पुढे गेली.

सगळ्यांनी खंडेरावाकडे पाहिलं.

‘हे काय झालं महाराज?’ खंडेराव म्हणाला. ‘याने अजून मारलंच नाही.’

महाराज उठले. पटराच्या कडेकडेने चालत त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबी पाहिली. त्यांना तो जुना ससा आठवला असावा, कारण त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली.

‘रीत आहे,’ ते म्हणाले. ‘चेंडू काठीच्या आत आहे. म्हणा.’

खंडेराव घुटमळला. पण वाघाने जीभ फिरवलेली त्यानेही पाहिली होती. मान खाली घालून तो म्हणाला, ‘राहू द्या. गेलाच तो.’

भालबाचे फटके शून्य. इतका चांगला खेळ त्या हिरवळीवर त्याआधी झाला नव्हता. टाळ्या पडल्या. महाराजांनी सावर भालबाच्या घराण्याला वंशपरंपरा बहाल केली, आणि ती बहाल करताना पंजा पटरावर ठेवला, कारण सावर म्हणून ठेवायला दुसरी जागा नव्हती.

माश्यांनी ओढ्यापलीकडच्या कातळाला मोहोळं बांधली. तो कातळ खंडेरावाच्या डबक्यावर होता. मध आपोआप खाली गळायचा. खंडेराव शेजाऱ्यांना सांगायचा की आम्हाला तसं गोड सोसत नाही, पण पडतंय तर आता काय करायचं.

क्लबातल्या प्रत्येकाला लांब पटर हवा झाला. मास्तरांच्या दारात रांग लागली आणि हिरवळीच्या कडेला झाड उरलं नाही. आता पुनवेला सगळे आपापले पटर आडवे मांडतात, एकमेकांना ‘राहू द्या’ म्हणतात आणि घरी जातात. चेंडू कुणीतरी पुन्हा माकडांना दिला. त्याची गरज नव्हती.

भालबाचा पटर गुहेत मावला नाही. म्हणून भालबाने गुहा पटराला दिली आणि जेवढा पटर बाहेर उरला त्याच्यावर छप्पर घातलं. उन्हाळा तापला. वाळलेल्या रानात अस्वलाची पोरं त्या पटरावर चढून बसली आणि एका जुन्या गाठीत जीभ घालू लागली. तिथे अजून मधाचा थोडासा वास होता.

रखमीने त्यांना उतरवलं नाही. ती स्वतः दुसऱ्या गाठीशी बसली.

‘अगं, हळू,’ भालबा छपराखालून म्हणाला. ‘दात लागतील.’

रखमीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिने दात लावला.

तात्पर्य : ज्या झाडावर पोट चालतं ते तोडू नये, असं म्हाताऱ्या माणसांकडून तुम्ही ऐकलं असेल. खुशाल तोडा. फक्त त्याची वस्तू कसबी हातांकडून करून घ्या. म्हणजे तुमची पोरं उपाशी राहिली तरी लोक तुम्हाला मूर्ख म्हणणार नाहीत, रसिक म्हणतील. आणि लग्न करताना बायकोचे दात तेवढे बघून घ्या.